अठ्ठावन्न किलो पाला

रोज साठ किलो भाजी चोरायची म्हटलं तर माणसाला टेम्पो लागतो, टेम्पोला ड्रायव्हर लागतो आणि चोरलेला माल ठेवायला निदान एक रिकामी खोली तरी लागते. मावशीकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडे एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात जेवणाचा डबा, चष्मा आणि पाण्याची बाटली एवढं जेमतेम मावायचं. पण हा विचार करायला डोकं लागतं, आणि ज्यांनी तिच्यावर आळ घेतला त्यांच्याकडे डोक्याच्या जागी कॉम्प्युटर होता.

सोमवारची गोष्ट. दुकान उघडायला अर्धा तास होता. दुकान एका परदेशी कंपनीचं, किराण्यापासून भाजीपर्यंत सगळं एका छताखाली विकणारं. आतून ते इतकं लखलखीत होतं की पहिल्यांदा येणारा माणूस, आपण चुकून दवाखान्यात तर शिरलो नाही ना, म्हणून दारातच थबकायचा. रोज सकाळी सगळ्या सव्वीस नोकरांनी बिलाच्या काउंटरांसमोर रांगेत उभं राहायचं, तीनदा टाळ्या वाजवायच्या आणि 'ग्राहक खूश, आम्ही खूश' असं ओरडायचं, ही पद्धत कंपनीने आपल्या देशातून बरोबर आणली होती. चाळिशी उलटलेल्या बाईला उपाशीपोटी टाळ्या पिटताना काय वाटतं, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी टाळ्या झाल्या आणि मॅनेजरने खिशातून कागद काढला. मॅनेजर इथलाच, तिशीतला, शिकलेला, कडक इस्त्रीचा. त्याच्या शेजारी मोठा साहेब उभा होता. मोठा साहेब कंपनीच्या देशातून महिन्यातून एकदा विमानाने यायचा, सगळ्यांकडे बघून हसायचा आणि परत जायचा. त्याला इथली भाषा येत नव्हती, म्हणून त्याचं इथल्यांना आणि इथल्यांचं त्याला मॅनेजरच सांगायचा. आज साहेब हसत नव्हता.

"भाजी विभागातून रोज साठ किलोच्या आसपास माल गहाळ होतोय," मॅनेजरने वाचलं. "कंपनीची दुकानं अकरा देशांत आहेत. तिथे शंभर किलोत दोन किलो जातात. आपल्याकडे अठरा जातात. एवढा माल आतल्या माणसाशिवाय बाहेर जात नाही."

भाजी विभाग कोण सांभाळतं हे सांगायची गरजच नव्हती. पंचवीस माना एकदम वळल्या. मग मॅनेजरने गार्डला खूण केली आणि गार्डने सगळ्यांदेखत मावशीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. चष्मा निघाला, बाटली निघाली, डबा निघाला. डबाही उघडला. डब्यात भाजी होती आणि ती नेमकी फ्लॉवरची होती.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फ्लॉवर तिने शनिवारी याच दुकानातून रांगेत उभं राहून विकत घेतला होता. हे ओरडून सांगावं असं तिला वाटलं, पण घशातून आवाज फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिची बोलती बंद झाली होती, आणि याचा राग तिला त्या आळाहूनही जास्त आला.

आता ही मावशी कोण, ते सांगायला हवं, नाहीतर तिचा राग कळायचा नाही.

मावशीने चौदा वर्षं बाजारात भाजीचा गाळा चालवला होता. त्याआधी वीस वर्षं तो तिच्या सासूने चालवला होता. चौतीस वर्षांत त्या गाळ्यावरच्या तराजूकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मापावरून कुणाची भांडणं झाली की खरं वजन करायला सगळे तिच्याकडे यायचे, अगदी शेजारच्या गाळेवाल्यांशी वाजलं तरी. ती तोंडाने फटकळ होती, उधारीवरून माणसाला चारचौघांत धुऊन काढायची, पण तिचं माप म्हणजे माप.

मग कंपनी आली. पाच दुकानं उघडली आणि पहिल्या सहा महिन्यांत पाचही ठिकाणी तोंडावर आपटली. का आपटली, ते बाजारातल्या कुणीही पाच मिनिटांत सांगितलं असतं, पण विचारायची पद्धत नव्हती. बटाटे धुऊन चकाचक करून ठेवलेले. ज्या बटाट्याला माती नाही तो किती जुना असेल, म्हणून लोक नाक मुरडायचे. कांदे सगळे एका मापाचे, जणू साच्यातून काढलेले. घरात माणसं तीन आणि दुधाचा डबा चार लिटरचा. आणि भाजी म्हणाल तर प्लास्टिकमध्ये बंद. हात लावायचा नाही, दाबायची नाही, हुंगायची नाही, वर छापलेलं वाचून घ्यायची. भाजी काय वाचून घेतात? लोक यायचे, थंड हवा खायचे, पिशवी रिकामीच घेऊन बाजारात जायचे. माल आतल्या आत सडायचा. पाचातली तीन दुकानं बंद झाली.

तेव्हा कुणाला तरी सुबुद्धी सुचली आणि मॅनेजर मावशीच्या गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. महिन्याचा पगार, बसायला खुर्ची, आठवड्याला सुट्टी. मावशीचे गुडघे तोवर बोलायला लागलेच होते. तिने गाळा जावेला दिला आणि कंपनीचा हिरवा एप्रन बांधला.

पहिल्याच दिवशी तिने सगळं प्लास्टिक फाडलं. भाजीचे ढीग लावले, धुतलेले बटाटे परत पाठवले, पुढचा माल मळ्यातून येतो तसाच आणायला सांगितला आणि गिऱ्हाइकांना म्हणाली, "घ्या बघून. हात लावायला पैसे पडत नाहीत." लोकांनी हात लावला. भेंडीची टोकं मोडून पाहिली, मटाराची शेंग सोलून दाणा तोंडात टाकला, कणसाची सालं सोलून दाणे भरलेत का ते पाहिलं, मुळ्याचा पाला पिरगळून काढला. फ्लॉवर घेताना प्रत्येकाने काय केलं, तर खालची पानं मोडली, दांडा बेताने तोडला आणि नुसता गड्डा तराजूवर ठेवला. बाजारात असंच चालतं. पानं कुणी घरी नेत नाही, आणि पानांचं वजन कुणी मागत नाही. चार महिन्यांत दुकान असं चालायला लागलं की संध्याकाळी ट्रॉल्या कमी पडायच्या. मोठ्या साहेबाने त्या वेळी मावशीबरोबर फोटो काढला होता.

आणि आता त्याच साहेबासमोर तिचा डबा उघडून दाखवला जात होता.

टाळ्यांची रांग मोडल्यावर मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता आणि पलीकडे मोठा साहेब बसला होता.

"मावशी, मी साहेबांना खूप समजावलं," तो हळूच म्हणाला. "ते पोलिसात जाणार नाहीत. तुम्ही फक्त यावर सही करा. माझ्या हयगयीमुळे माल गेला, पुन्हा असं होणार नाही, एवढंच आहे त्यात. नोकरी राहील. शनिवारपर्यंत वेळ आहे, साहेब या खेपेला मुक्कामालाच आहेत."

"आणि नाही केली तर?"

"मग कंपनी काढेल. आणि काढण्याचं कारण लिहावं लागतं."

"काय लिहाल?"

मॅनेजरने इस्त्रीच्या बाहीवरची नसलेली सुरकुती झटकली. "तेच," तो म्हणाला.

तेच म्हणजे चोरी. तो शब्द त्या गावात दुपारपर्यंत बाजारात पोचला असता, आणि ज्या बाईवर चोरीचा शिक्का आहे तिच्या हातात बाजार पुन्हा तराजू देत नाही. गाळा जावेने आनंदाने परत दिला असता, पण मावशीच्या हातच्या मापावर विश्वास कोण ठेवणार होतं? आणि सही केली तरी काय वेगळं? हयगय म्हणा नाहीतर आणखी काही, लोकांना वाचता येतं.

"साहेबाला विचारा," मावशी म्हणाली, आणि आता तिचा आवाज परत आला होता. "रोज साठ किलो मी कुठून नेते? खिशातून? पदरातून? का मी भाजी खाते आणि घरी जाते? साठ किलो उचलायला मी काय हमाल आहे? चौदा वर्षं तराजू धरलाय मी, माझ्या सासूने वीस वर्षं धरला, आमच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती, आणि हा विमानातून उतरतो नि माझा डबा उघडतो? त्याच्या आईचा डबा उघडेन का मी असा?"

मॅनेजर साहेबाकडे वळून दोन-तीन शब्द बोलला. साहेबाने समजल्यासारखी मान हलवली.

"काय सांगितलंत?" मावशीने विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटलं म्हणून सांगितलं."

संध्याकाळी घरी ही बातमी तिच्या आधीच पोचली होती. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा, घरात भांडणं लागली की पाना घेऊन बाहेर जायचा. तो म्हणाला, "कर ना सही. कागदच आहे. महिन्याचा पगार येतोय, गुडघे जपले जातायत. कोण वाचतंय?"

सासू पलंगावर बसून होती. तिचं कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं सगळं बळ जिभेत गेलं होतं.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "कधी एखादी जुडी आणलीस का न विचारता? उरलेली, वाळलेली, कशीही."

मावशीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. "तुम्ही विचारताय हे? तुम्ही?"

"मी विचारणारच. उद्या सगळा बाजार विचारणार आहे, तर पहिलं मी विचारते. आणलीस का?"

"नाही."

"मग सही करायची नाही," सासू म्हणाली. "आणि नुसती रडत बसायचं पण नाही. भाजी काय हवेत उडत नाही. साठ किलो आली आणि गेली, तर ती कुठेतरी गेलीच आहे. शोध जाऊन."

त्या रात्री मावशीला सासूचा राग आला की आधार वाटला, हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही. पण शोधायचं कुठे, ते मात्र तिला सासूच्या 'आली' या शब्दानेच सुचवलं. माल किती आला, हे कंपनीला सांगतं कोण? गाळ्यावर असताना तिने फ्लॉवर कधी वजनावर घेतला नव्हता. मळेवाल्याकडून ती तो नगावर घ्यायची, शेकड्याने. इथे तो कसा येतो, हे तिने सात महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. माल मागच्या दाराने यायचा आणि तिच्यापर्यंत ट्रॉलीतून पोचायचा.

मंगळवारी पहाटे ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. टेम्पो लागला होता. मागच्या दाराचा कारकून मोठ्या काट्यावर एकेक क्रेट चढवत होता आणि आकडा कॉम्प्युटरवर टिपत होता. क्रेटमध्ये फ्लॉवर होते, आणि प्रत्येक फ्लॉवर आपल्या सगळ्या हिरव्यागार पानांसह, खालच्या जाड दांड्यासह बसला होता. मागोमाग मुळे आले, हातभर पाल्यासकट. कणसं आली, सगळी सालं अंगावर घेऊन.

मावशी बघतच राहिली.

"हे असंच वजन करतोस रोज?" तिने विचारलं.

"मग कसं करू?"

"आणि हा पाला? लोक काढून टाकतात तो? संध्याकाळी झाडूवाली पोत्यात भरून मागे ठेवते तो कुठे लिहितोस?"

कारकून भला माणूस होता. त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "बघा ना तुम्हीच. रकाने दोनच आहेत. एक 'सडलं', एक 'गहाळ'. पाला सडलेला नाही, म्हणून मी तो कुठेच लिहीत नाही. आलेल्यातून विकलेलं आणि सडलेलं गेलं, की उरेल ते कॉम्प्युटर आपोआप गहाळमध्ये टाकतो."

"तुला कधी वाटलं नाही, कुणाला सांगावं?"

"सांगितलं होतं एकदा. म्हणाले, कंपनीच्या देशात फ्लॉवर तासून, प्लास्टिकमध्ये बांधूनच येतो, त्यामुळे पाल्याचा रकाना लागत नाही."

मावशी तिथेच एका उपड्या क्रेटवर बसली. तिला हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप. जे तिने केलं म्हणून हे दुकान उभं राहिलं, तेच तिच्या चोरीचा पुरावा ठरलं होतं. प्लास्टिक फाडलं म्हणून लोक आले, लोक आले म्हणून पानं मोडली, पानं मोडली म्हणून ती चोर. यात कुणाची बुद्धी गहाण पडली होती, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पाल्याची पोती रोज एक गोठेवाला फुकट घेऊन जायचा. बुधवारी तिने त्याला गाठलं आणि उद्याचा पाला ठेवून घेते म्हणून सांगितलं.

"माझ्या म्हशींनी काय करायचं?" तो कुरकुरला.

"एक दिवस दुसरं काहीतरी घाला. तुमच्या म्हशी रोज काय खातात हे कंपनीला कळलं, तर त्यांचीही झडती घेतील."

गुरुवारी दिवसभर तिने विभागाच्या चारही कोपऱ्यांत पोती ठेवली. पाला, दांडे, सालं, मोडलेली टोकं, जे पडेल ते पोत्यात. आणि तिने एक शहाणपणा केला. प्रत्येक भरलेल्या पोत्याचं तोंड तिने स्वतः बांधलं नाही, गार्डला बांधायला लावलं, गाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर त्याची सही घेतली. गार्ड आढेवेढे घेत होता. "सोमवारी माझा डबा उघडताना हात थरथरला नाही तुमचा," मावशी म्हणाली, "मग पोतं बांधताना कशाला थरथरतोय?" त्यानंतर गार्डने मुकाट्याने सगळी पोती बांधली.

शुक्रवारी सकाळी टाळ्यांच्या आधी मागच्या दाराशी मोठा काटा होता, पोती होती, मोठा साहेब होता आणि मॅनेजर होता. मावशीने मॅनेजरला सांगून ठेवलं होतं, आज तुमच्या भाषांतराची गरज नाही, तुम्ही नुसते उभे राहा.

तिने एकेक पोतं साहेबासमोर काट्यावर चढवलं. प्रत्येकाची चिकटपट्टी आधी त्याला दाखवली, मग पोतं उघडून आतला पाला दाखवला आणि मग काट्यावरच्या आकड्याकडे बोट केलं. कारकून बेरीज करत गेला. शेवटचं पोतं उतरलं तेव्हा बेरीज झाली अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम. गुरुवारच्या गहाळच्या रकान्यात होते एकसष्ट.

"उरलेले अडीच किलो?" मॅनेजरने विचारलं. त्याला न विचारून राहवलं नाही.

"रात्रभरात पाला सुकतो," मावशी म्हणाली. "आणि लोकांनी मटार चाखले. चाखल्याशिवाय मटार कोण घेतं? तुमचा साहेब घेतो?"

साहेबाने पोत्यात हात घातला, एक पान काढून पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. त्याने पोत्यांचे फोटो काढले, काट्याचा काढला, मावशीचा हात हातात घेऊन जोरजोराने हलवला आणि बराच वेळ काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, फार मोलाची माहिती मिळाली," मॅनेजर म्हणाला. "सहीची आता गरज नाही. आजपासून तुमच्याबद्दल काही शंका नाही."

मावशीचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यावर ती हलली नाही. "ज्यांच्यासमोर डबा उघडला, त्यांच्यासमोर हे सांगा."

"सांगू ना. सोमवारी सांगू."

"आणि तो कॉम्प्युटरमध्ये पाल्याचा रकाना घाला. नाहीतर फ्लॉवर नगावर घ्या आणि नगावर विका, मळेवाल्याकडून सगळा बाजार नगावरच घेतो."

मॅनेजरने हे साहेबाला सांगितलं, आणि या खेपेला त्याने सगळं सांगितलं असावं, कारण बराच वेळ बोलला. साहेबाने हसत मान हलवली. "अकरा देशांत एकच फॉर्म आहे," मॅनेजर म्हणाला. "तो बदलता येत नाही. पण साहेब मार्ग काढतील."

मावशी घरी गेली आणि सासूला सगळं सांगितलं. सासूने ऐकलं, आणि आपल्या ताटातला निम्मा भात तिच्या ताटात वाढला. त्या घरात यापेक्षा मोठं कौतुक कुणी कुणाचं कधी केलं नव्हतं.

सोमवारी टाळ्या झाल्या. मावशी रांगेत ताठ उभी होती. एप्रन धुऊन घातला होता. मॅनेजरने कागद काढला.

"भाजी विभागातल्या गळतीचं कारण सापडलं आहे," त्याने वाचलं. "गळती कर्मचाऱ्यांमुळे होत नसून ग्राहकांमुळे होते. ग्राहक मालाचा काही भाग मोडून टाकतात आणि उरलेल्याचेच पैसे देतात. आजपासून ही चोरी समजली जाईल. भाजी विभागात तशा पाट्या लावल्या आहेत. गार्ड तिथे उभा राहील. मोडताना सापडलेल्या ग्राहकाचं नाव फॉर्मवर लिहून त्याची सही घ्यायची आहे. भाजी विभागप्रमुखांनी यात गार्डला मदत करावी."

बस्स. डब्याबद्दल काही नाही, मावशीबद्दल काही नाही. पंचवीस जणांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, कारण कागद संपला की टाळ्या वाजवायच्या असतात. तिच्या डोक्यावरचा आळ कंपनीने उचलला होता खरा, पण खाली ठेवला नव्हता. तो दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवला होता. आणि त्याचा पुरावाही तिनेच, पोत्यापोत्याने, स्वतःच्या हातांनी त्यांना पुरवला होता. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हे मी तुम्हाला यासाठी दाखवलं होतं?" तिने मॅनेजरला गाठून विचारलं.

"मावशी, तुमची नोकरी वाचली ना?" तो म्हणाला. "आता कशाला वाढवता?"

दुकान उघडलं. फ्लॉवरच्या ढिगावर लाल अक्षरांची पाटी होती आणि बाजूला गार्ड. साहेब थोडा लांब, तेलाच्या डब्यांपाशी, नवी व्यवस्था कशी चालते ते बघत उभा होता.

पहिल्या काही गिऱ्हाइकांनी पाटी वाचली, फ्लॉवर ठेवून दिला आणि निघून गेली. मग एक निवृत्त मास्तर आले. ते एक दिवसाआड यायचे, मुठीएवढा लहान फ्लॉवर शोधून घ्यायचे, कारण घरात आता ते आणि अंथरुणाला खिळलेली बायको एवढीच माणसं होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता, त्यामुळे पाटी वाचली नाही. त्यांनी फ्लॉवर उचलला आणि सवयीने खालची दोन पानं मोडली.

गार्डने त्यांचं मनगट धरलं.

"आजोबा, चोरी आहे ही. इथे नाव लिहा आणि सही करा."

मास्तर आधी हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मग समोर धरलेला फॉर्म त्यांनी चष्मा खाली घेऊन वाचला. वाचता वाचता त्यांची मान खाली गेली. आजूबाजूची माणसं थांबली होती. कुणी ट्रॉलीवर टेकून बघत होतं. मास्तरांनी हातातली दोन पानं खाली टाकली नाहीत, खिशात घातली.

ती मान मावशीला ओळखीची होती. आठ दिवसांपूर्वी ती तिच्याच खांद्यावर होती.

ती पुढे झाली. तिने गार्डच्या हातातून मास्तरांचं मनगट सोडवलं. मास्तरांच्या हातातला फ्लॉवर घेतला, उरलेली पानं एकेक करून मोडली, दांडा बेताने तोडला, गड्डा तराजूवर ठेवला, चिठ्ठी चिकटवली आणि त्यांच्या पिशवीत घातला.

"ताजा आहे," ती म्हणाली. "बाईंना सांगा, मी विचारलं होतं म्हणून."

मॅनेजर धावत आला. त्याच्या मागे साहेबही. "मावशी, काय हे? नोंद करावी लागेल याची. फॉर्मवर कुणाचं तरी नाव घालावंच लागतं."

"घाला ना," मावशी म्हणाली. "पानं मी मोडली, सगळ्यांदेखत."

तिने गार्डच्या हातातून पेन घेतलं. जो हात पाच दिवस एका कागदाला शिवला नव्हता, त्या हाताने तिने चोराच्या नावाच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि खाली ठळक सही केली. साहेबाने मॅनेजरला काहीतरी विचारलं. मॅनेजरने या वेळी काहीच भाषांतर केलं नाही.

मघाशी निघून गेलेल्यांपैकी एक बाई परत आली होती. तिने ढिगातून एक फ्लॉवर उचलला आणि न बोलता मावशीपुढे धरला. तिच्या मागे आणखी एक जण येऊन उभा राहिला, त्याच्या मागे आणखी दोघी.

मावशीने फ्लॉवर हातात घेतला आणि गार्डकडे वळून विचारलं, "फॉर्म पुरतील ना? रांग मोठी आहे."